बिनउत्तराची घंटा

रेल्वेच्या केबिनमध्ये घंटा वाजली की तिला उत्तर द्यायचे असते. शेजारच्या स्टेशनाने जेवढे ठोके दिले तेवढे परत द्यायचे, ते मिळाल्याची त्याने पोच द्यायची आणि मगच गाडीचे बोलणे. हाक, उत्तर, पोच. यातले एक गळले तर लाइन क्लिअर मिळत नाही आणि गाडी जागची हलत नाही. घंटा वाजून उत्तर गेले नाही तर त्या माणसाला जाब द्यावा लागतो.

मळवलीजवळच्या भाजे गावचे दत्तोबा केदारी तरुणपणापासून निवृत्तीपर्यंत या शिस्तीत राहिले. कामशेत, मळवली, खंडाळा आणि शेवटी लोणावळा एवढीच त्यांची नोकरीतली भटकंती. निवृत्त झाल्यावर भाज्याची शेती धाकटा भाऊ गेणू बघत होता, तिथे त्यांना करण्यासारखे फारसे नव्हते. लोणावळ्याच्या तुंगार्लीत एका मुंबईकराच्या बंगल्याची राखण त्यांनी पत्करली. बंगल्यामागच्या दोन खोल्यांत ते आणि पत्नी झुंबरबाई राहू लागले. मालक उन्हाळ्यात आणि दिवाळीत येत. बाकी वर्षभर बाग, विहिरीचा पंप आणि कुलपे.

सन १९६६ मध्ये दत्तोबांनी हौशी रेडिओचे लायसन्स घेतले. हे लायसन्स असलेला माणूस घरी बसून शॉर्टवेव्हवर दुसऱ्या लायसन्सवाल्याशी बोलू शकतो. धंद्यासाठी नाही, निरोपासाठीही नाही, फक्त प्रयोग आणि गप्पा. परीक्षेत तारेची कट्ट-कड लिपी यावी लागते. दत्तोबांना ती रेल्वेने शिकवलेलीच होती. मुंबईच्या जुन्या बाजारातून लढाईतला एक रिसीव्हर आला, ट्रान्समीटर त्यांनी स्वतः जोडला, आणि बंगल्यातल्या सिल्व्हर ओकपासून आंब्यापर्यंत एक तांब्याची तार ताणली गेली. मालकांना ती कपडे वाळत घालायची वाटली. एवढ्या उंचीवर कशी, असे त्यांनी विचारले नाही.

या तारेवर दत्तोबांना भेटले ते मालवणचे भिकाजी पेडणेकर. बाजारात त्यांचे विजेच्या सामानाचे दुकान होते. दोघांनी एकमेकांना कधी पाहिले नव्हते, आणि त्याची दत्तोबांना अडचण वाटली नाही. खंडाळ्याच्या केबिनमधून ते वर्षानुवर्षे ज्या माणसांशी घंटांवर बोलले त्यांतल्या निम्म्यांचे चेहरे त्यांना ठाऊक नव्हते. रोमन अक्षरांत मराठी लिहून दोघे बोलत. पावसाची खबर, व्हॉल्व्हच्या किमती, माशांचे भाव, पायदुखी.

अडचण होती ती वेळेची आणि पट्ट्याची, म्हणजे किती मीटरच्या लाटेवर भेटायचे याची. शॉर्टवेव्हची लाट आकाशात वर जाऊन परत खाली येते, आणि ती कुठे उतरेल हे ऊन, ऋतू आणि वेळ ठरवतात. दिवसा चाळीस मीटरच्या पट्ट्यावर मालवण स्वच्छ मिळे. हिवाळ्यात ऊन कलले की तीच लाट मालवणावरून उडी मारून सिलोनला जाई, आणि मग ऐंशी मीटरवर यावे लागे. नेमके कधी, हे रोज वेगळे. एक चाळीसवर हाका मारतो आहे आणि दुसरा ऐंशीवर कान देऊन बसला आहे, अशा कितीतरी संध्याकाळी फुकट गेल्या.

दत्तोबांनी यावर काढलेला उपाय रेल्वेतलाच होता. कंट्रोल ऑफिसची टेलिफोनची एकच तार सगळ्या स्टेशनांतून जाते, तरी कंट्रोलरने कामशेतची चावी फिरवली की घंटा फक्त कामशेतला वाजते. प्रत्येक स्टेशनात सिलेक्टर नावाची एक पितळी पेटी असते. तारेवरून ठोके आले की तिच्यातले दातेरी चाक एकेक दाता पुढे सरकते. ठोक्यांची रचना त्या स्टेशनाची असेल तर चाक शेवटपर्यंत जाऊन घंटा वाजवते, नसेल तर मध्येच सुटून मागे येते. असे दोन सिलेक्टर भंगाराच्या लिलावात निघाले, ते दत्तोबांनी घेतले. एक एसटीच्या पार्सलने मालवणला गेला.

मग एका गजराच्या घड्याळावर त्यांनी पत्र्याची चकती बसवली. ती रिसीव्हरला थोडा वेळ चाळीसवर ठेवी, थोडा वेळ ऐंशीवर. पेडणेकर एका पट्ट्यावर हाक देत राहत. घड्याळ फिरून त्या पट्ट्यावर आले आणि ठोके जुळले की घड्याळ तिथेच थांबे आणि भिंतीवरचा सिग्नलसारखा पत्र्याचा छोटा हात खटकन खाली पडे. उत्तर आले नाही तर पेडणेकर दुसऱ्या पट्ट्यावर जात. माणसाने पट्टा शोधायचे कारण उरले नाही. मालवणलाही हेच यंत्र लागले. पेडणेकरांनी घंटा बसवली होती, दत्तोबांनी पत्र्याचा हात.

हात का, घंटा का नाही, हे पेडणेकरांनी विचारले नव्हते. त्याचे उत्तर मालवणपर्यंत कधी गेले नव्हते. दत्तोबांना ऐकू येईनासे झाले होते.

लोणावळ्याच्या धुक्यात सिग्नल दिसत नाही तेव्हा रुळावर फटाका बांधतात. इंजिन त्यावरून गेले की बार होतो आणि ड्रायव्हर सावध होतो. असे किती बार जवळून ऐकले याचा हिशोब कोणी ठेवत नाही. दत्तोबांच्या कानातून आधी बारीक सूर गेले. रेडिओतली लिपी म्हणजे लहानमोठ्या शिट्ट्या. त्यांनी शिट्टी जाड करून घेतली, काही दिवस भागले. मग जाड शिट्टीही गेली. समोर तोंड दिसत असले तर बोलणे कळे, पाठमोऱ्या माणसाचे काही कळत नसे.

त्यांनी रिसीव्हरला साउंडर जोडला. जुन्या तारघरात असतो तसा तो पितळी दांडीचा, टकटक करणारा. डाव्या हाताचे बोट दांडीवर ठेवायचे आणि उजव्या हाताने लिहायचे. लिपी कानातून येत होती ती बोटातून येऊ लागली. माणसांशी बोलताना दत्तोबांना निम्मे शब्द अंदाजाने भरावे लागत. मालवणचा शब्द मात्र एकही गळत नसे.

झुंबरबाई म्हणत, "मी चुलीपासून वरडते त्ये यांना कळत न्हाई. मालवनचा मानूस खोकला तरी कळतो."

"तू बोटावर टकटक कर, तुजं बी कळंल," दत्तोबा म्हणत.

"लाटणं हाय माज्याकडं. करू का?"

एवढ्यावर थांबले असते तर पुढचे काही घडले नसते. पण दत्तोबा दिवसभर खोलीत नसत. बागेत असताना भिंतीवरचा हात पडला तर ते त्यांना दिसणार कसे? घंटा लावून उपयोग नव्हता. म्हणजे हाक येणार आणि उत्तर जाणार नाही. ज्या माणसाने सगळी नोकरी बिनउत्तराच्या घंटेची धास्ती बाळगून केली त्याला हे सोसण्यासारखे नव्हते. त्यांनी पितळेच्या एका चकतीला लिपीचे दाते कापले, स्वतःचे हाकेचे चिन्ह आणि 'थांबा' एवढेच. ठोके जुळले की ही चकती एक फेरा फिरे आणि ट्रान्समीटर आपोआप उत्तर देई. झुंबरबाई भिंतीवरचा हात पाहून त्यांना बोलवायला जात, तोवर पेडणेकर थांबत.

रेल्वेच्या नियमाने हे चोख होते. रेडिओच्या नियमाने गुन्हा होता. माणूस जागेवर नसताना ट्रान्समीटर चालता कामा नये, हे लायसन्सवर छापलेले होते आणि दत्तोबांनी ते वाचले होते. उत्तर देणे हे बोलणे नव्हे, असे त्यांनी स्वतःला पटवून दिले होते.

सन १९७० च्या फेब्रुवारीत गेणूच्या विहिरीवरचे इंजिन बंद पडले म्हणून दत्तोबा सकाळीच भाज्याला गेले. दुपारी मालवणहून हाक आली. चकती फिरली, एक फेरा झाला, पण तिला थांबवणारी खिट्टी तुटली होती. चकती फिरतच राहिली. खोलीत कसलाही आवाज नव्हता. झुंबरबाई अंगणात लसूण सोलत होत्या आणि त्यांच्या मागच्या भिंतीआड दत्तोबा केदारींचे चिन्ह सगळ्या हिंदुस्थानभर, पुन्हा पुन्हा, जात होते. कोणी कोणी उत्तर दिले. त्यांना परत तेच, थांबा.

संध्याकाळी मळवलीहून लोकलने परत येऊन दत्तोबा बंगल्याच्या फाटकाशी पोचले तेव्हा तिथे झुंबरबाई, तार घेऊन आलेला पोस्टाचा गोरख आणि शेजारच्या बंगल्याचा माळी नवशा असे तिघे उभे होते. तार मालवणची होती. दुपारपासून हाक ऐकतो आहे, उत्तर नाही, प्रकृती कळवा.

गोरख तोंडासमोर येऊन म्हणाला, "आबा, तुम्ही दुपारपासून घरात बसून हाका मारताय असं तारेत आहे. आणि मावशी म्हणतात तुम्ही भाज्याला."

"म्या दोनदा आत जाऊन बगितलं," नवशा म्हणाला. "कोन न्हवतं. निस्ती चकती फिरतीया. म्या हात न्हाई लावला, बाबा."

"लावला असता तर बरं झालं असतं," दत्तोबा म्हणाले आणि आत जाऊन त्यांनी वीज बंद केली.

पेडणेकरांना तार गेली, प्रकृती ठीक. पण ऐकणारे फक्त पेडणेकर नव्हते. तार खात्याचे लोक लाटांवर लक्ष ठेवून असतात. थोड्याच दिवसांत नोटीस आली. वायरलेस निरीक्षक जागेची तपासणी करतील, तोवर प्रक्षेपण बंद.

झुंबरबाईंनी नोटिशीत काय आहे ते विचारून घेतले आणि म्हणाल्या, "सांगा की सरळ, ऐकू येत न्हाई म्हून यंत्र लावलं."

"ऐकू येत न्हाई म्हटलं तर लायसन जातं. ऐकू येणाऱ्यालाच देत्यात त्ये."

"आन् न्हाई सांगितलं तर?"

"तर इचारतील, धडधाकट मानसाला यंत्र कशाला. खोडी म्हून लावलं म्हनतील. तरी बी जातं."

"मंग दोन्हीकडनं जात आसंल तर खरं बोलून घालवा. खोटं याद ठेवावं लागतं."

दत्तोबांनी काही ठरवले नाही. त्या आठवड्यात त्यांनी खोली झाडली, साउंडर काढून फडताळात ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी परत जागेवर ठेवला.

निरीक्षक कर्णिक पुण्याहून आले. मध्यम वयाचे, चष्मा लावणारे, घाई नसलेले गृहस्थ. त्यांनी लायसन्स पाहिले, ट्रान्समीटरचे झाकण काढून पाहिले, चकती बोटाने फिरवून पाहिली. मग खिडकीशी जाऊन बाहेरची तार बघत, पाठमोरेच, त्यांनी विचारले, "त्या दिवशी तुम्ही कुठे होता?"

दत्तोबा साउंडरवरची धूळ पुसत होते, ते पुसत राहिले.

"केदारी, मी विचारतोय, कुठे होता?"

दारातून झुंबरबाई म्हणाल्या, "भाज्याला गेल्ते, सायेब. दिराकडं."

कर्णिक वळले. त्यांनी झुंबरबाईंकडे पाहिले, मग दत्तोबांकडे. दत्तोबांनी फडके खाली ठेवले.

"साहेब, मागून बोललेलं मला कळत नाही," ते म्हणाले. "समोरून बोला, सगळं सांगतो."

त्यांनी चौकशीत जबाब देतात तसा जबाब दिला. कान कधी गेले, साउंडर कधी आला, चकती का कापली. हाक येऊन उत्तर न जाणे रेल्वेत चालत नाही, म्हणून उत्तर यंत्राकडे दिले. नियम वाचला होता. खिट्टी तुटली हे भाज्याहून आल्यावर कळले.

"रेल्वेत घंटेला उत्तर गेलं नाही तर गुन्हा," कर्णिक म्हणाले. "आमच्याकडे माणसाशिवाय उत्तर गेलं तर गुन्हा. तुम्ही तिकडचा गुन्हा टाळायला इकडचा केलात."

"होय."

"मला आता दोन गोष्टी लिहाव्या लागतील. यंत्राची आणि कानाची."

"लिहा."

कर्णिकांनी खुर्ची ओढली. "तुम्हाला लिपी घेता येते की नाही, ते तरी बघून जातो. म्हणजे अहवालात अंदाज नको."

त्यांनी पिशवीतले इंग्रजी वर्तमानपत्र काढले, बाजारभावाचे पान उघडले आणि लिपी ठोकायचे बटण साउंडरला जोडून त्यावर ते ठोकू लागले. दत्तोबांनी बोट दांडीवर ठेवले आणि ते लिहू लागले. अक्षरे बिनचूक आली. आकड्यांत दोन चुकले, आणि आकड्यांत एवढी चूक चालत नाही. कर्णिकांनी कागदावर खुणा केल्या. झुंबरबाईंनी चहा आणून ठेवला. चहा झाल्यावर कर्णिक म्हणाले, "उमेदवाराला आकडे दुसऱ्यांदा मागता येतात. मागताय?"

"मागतो."

दुसऱ्यांदा एक चुकला. तेवढा चालतो.

निघताना कर्णिकांनी चकती काढून घ्यायला लावली. ऐकणारे यंत्र राहू दे, ते कोणाला त्रास देत नाही, असे ते म्हणाले. लायसन्स राहणार की जाणार हे सांगायचा अधिकार त्यांना नव्हता. कळवू, तोवर बंदी कायम.

त्याच दिवशी दत्तोबांनी मालवणला पोस्टकार्ड टाकले, "दुरुस्ती चालू आहे, काही दिवस बोलणे नाही." कर्णिकांना जे सांगितले ते पेडणेकरांना सांगितले नाही. बहिऱ्या माणसाशी कोणी जपून बोलू लागतो, सावकाश बोलू लागतो, मग कमी बोलू लागतो. हे त्यांनी भाज्यात आणि तुंगार्लीत पाहिले होते.

या अर्धवट खऱ्या कार्डाचा परिणाम त्यांना भोगावा लागला. पेडणेकरांनी हिशोब केला, दुरुस्ती म्हणजे चाचणी हवी. ते दुकान उघडण्याआधी सकाळी आणि बंद केल्यावर संध्याकाळी हाक देऊ लागले. हाक ऐकायला बंदी नव्हती. सिलेक्टर चोख चाले, भिंतीवरचा हात खटकन पडे. दत्तोबा समोर बसलेले असत आणि उत्तर देता येत नसे. सिलेक्टरची वायर काढून टाकली असती तर सुटका होती. ती त्यांनी काढली नाही. पडलेला हात ते उचलून ठेवत, आणि दुसऱ्या दिवशी तो परत पडे.

होळी झाली, पाडवा झाला. झुंबरबाई एकदा म्हणाल्या, "येकदा बटन दाबा. कोन ऐकतंय?"

"सगळीच ऐकत्यात," दत्तोबा म्हणाले.

"मंग कारड टाका दुसरं. खरं लिवा त्यात, म्हंजी तो बिचारा गप बसंल."

यावर दत्तोबा बागेत निघून गेले. झुंबरबाईंनी नवशाला सांगितले, "मालवनचा मानूस रोज दारावर येतो आन् यांनी कडी लावलीया."

एप्रिलच्या अखेरीस, मालक यायच्या आधी, खात्याचे पत्र आले. लायसन्स एका वर्षासाठी कायम, पुढे दरवर्षी लिपीची परीक्षा. स्वयंचलित उत्तर नाही. प्रत्येक प्रक्षेपण परवानाधारकाने स्वतःच्या हाताने करावे.

त्या संध्याकाळी पत्र्याचा हात पडला तेव्हा दत्तोबा मोगऱ्याला पाणी घालत होते. झुंबरबाईंनी ओटीवर येऊन पदर हलवला, तो त्यांना दिसला नाही. मग त्यांनी खुंटीवरची नोकरीतली हिरवी झेंडी काढली आणि फाटकापर्यंत जाऊन ती हलवली. ती दिसली. दत्तोबांनी झारी खाली ठेवली, आत येऊन बसले आणि हाताने उत्तर दिले. मालवणहून पोच आली. हाक, उत्तर, पोच झाली, आता बोलायला हरकत नव्हती.

पेडणेकरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा. उत्तराला फार वेळ लागला, अजून बिघाड आहे काय?

दत्तोबांचे बोट दांडीवर होते. नाही, असे एका शब्दात पाठवता आले असते. त्यांनी पाठवले, "यंत्रात बिघाड नाही. मला ऐकू येत नाही. दोन वर्षे झाली. आता बायको झेंडी दाखवते, मग येतो."

दांडी बराच वेळ हलली नाही. चाळीसवरची लाट उडी मारून गेली की काय, म्हणून दत्तोबांनी घड्याळाकडे पाहिले. मग दांडी हलू लागली.

"मग माझे बोलणे घेता कसे?"

"बोटाने."

"माझी सावंतवाडीची गोष्ट, ती लांबलचक, तीही?"

"तीही. दोनदा सांगितली होती."

"तिसऱ्यांदा सांगणार आहे," पेडणेकरांनी पाठवले, आणि नेहमीच्याच वेगाने सुरुवात केली. दत्तोबांनी पेन्सिल उचलली.

दुसऱ्या दिवसापासून मालवणची हाक पूर्वीपेक्षा जास्त वेळ येत राहू लागली. बाग मोठी होती, आणि झेंडी दिसून माणूस आत येईपर्यंत पेडणेकर एकाच पट्ट्यावर थांबून राहत. शेजारच्या बंगल्यात पाहुणे आले की नवशाला विचारत, या बाई संध्याकाळी कोणत्या गाडीला झेंडी दाखवतात?

"मालवनची," नवशा सांगे. "रोज लेट आसती."